पाणी खंय नाय

निवतीच्या टेंबावर धाकू मेतर उकिडवा बसायचा,
कानामागे विडी, मांडीवर तांबडं फडकं,
आणि खाली रापणीची होडी त्याच्या हाताकडे तोंड करून.
मी नऊ वर्षांची. माझं काम एवढंच,
त्याने सांगितलं की फडकं हलवायचं,
कारण त्याचा उजवा खांदा वर जात नव्हता.

मला समुद्र दिसायचा.
सगळाच, एकदम, म्हणजे काहीच नाही.
तो म्हणायचा, 'पाण्याक बघू नको, चेडवा.
पाणी खंय नाय, ता बघ.'

मी बघायचे, डोळ्यांना धार लागेपर्यंत.
एकदा काळा डाग दिसला, खळ्याएवढा, सरकणारा,
त्याला न विचारताच मी फडकं हलवलं.
वीस माणसं, दोन दोर, तासभर ओढ,
आणि जाळ्यात चार कुर्ल्या नि एक चप्पल.
ढगाची सावली ओढून आणली होती किनाऱ्यावर.
कोणी ओरडलं नाही.
फक्त आठवडाभर सगळा वाडा मला
'ढगवाली' म्हणत होता.

मग एका सकाळी, कसं ते सांगता येणार नाही,
पाणी मागे सरलं.
हललं काहीच नाही. तीच लाट, तोच खडक,
पण मधला एक तुकडा पुढे आला
कड घेऊन, अंग घेऊन,
पाऊस खालून वर पडावा तशी थरथर अंगावर,
आणि बाकीचा समुद्र
भिंतीच्या रंगासारखा नुसता उरला.
मी बोट दाखवण्याआधीच म्हातारा हसला.
तो आधीचा, सगळाच्या सगळा समुद्र
मला परत कधी मिळाला नाही.

आता मी वेंगुर्ल्याच्या दवाखान्यात एक्स-रे काढते.
श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा.
काळी ती हवा, पांढरं ते हाड,
आणि हवा कुठे नाही ते शोधायचं.
डॉक्टरांना वाटतं, मी हे कोर्समध्ये शिकले.
चुकतेही. फुप्फुसातला डाग शोधता शोधता
एका बाईची मोडलेली फासळी मला दिसली नाही,
समोर, बोटाएवढी.
ती खोकल्यासाठी आली होती.
बाकीचं तिने सांगितलं नाही,
मी विचारलं नाही, तिलाही, फिल्मलाही.

परवा धाकू मेतर आला,
नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून.
सदरा काढला, खांदा अजून तसाच.
फिल्म त्याने कोपऱ्याला धरली,
मासा शेपटीला धरतात तशी.
'काळा ता काय? पांढरा ता काय?'
मी सांगितलं.
'मगे मी खंय?'

मला उत्तर येईना.
उजवीकडे, तिसऱ्या फासळीखाली जे दिसलं होतं
ते मी डॉक्टरांसाठी राखून ठेवलं होतं.
तो खिडकीशी गेला. बाहेर बंदर.
फिल्म उजेडासमोर धरून उभा राहिला बराच वेळ,
मान किंचित डावीकडे, टेंबावर असायची तशी.
फासळ्यांच्या पलीकडे पाणी दिसत होतं,
काळपट, बिनलाटांचं.
तो छातीकडे बघत होता की छातीतून,
ते मागून कळत नव्हतं.

'तारली इली,' तो म्हणाला.

माझा हात टेबलावर
फडकं शोधत फिरला.