शुद्धिपत्र

सुरुवात एका दाखल्यापासून झाली.
मुलाच्या जात-पडताळणीला सदुसष्टच्या आधीचा
एक तरी कागद हवा होता.
तो मिळाला, गावच्या शाळेच्या रजिस्टरात,
चुलत-आजोबांच्या नावाचा.
मुलगा शिकला, नोकरीला पुण्यात गेला.
माझे शनिवार मात्र ठाकुरद्वारला अडकले,
ग्रंथालयाच्या तिसऱ्या मजल्यावर,
जिथे पंखा लावायच्या आधी विचारावं लागतं,
पानं उडतात म्हणून.
उडत नाहीत खरं तर. तुटतात.

आजोबांबद्दल घरात एकच वाक्य होतं:
'तो टायपात होता.'
लहानपणी मला वाटायचं, टायप हे गाव असेल,
विरारच्या पुढचं.
त्यांची एक लोखंडी पट्टी होती, कडेने दुमडलेली,
आई तिने नारळाच्या वड्या सरळ कापायची.
ती कंपोझिटरची स्टिक, हे मला छप्पन्नाव्या वर्षी
कोशातल्या चित्रावरून कळलं.

अजिंक्यबाईंनी विचारलं, लेखकाचं नाव?
म्हटलं, लेखक नाही.
प्रकाशक? भाषांतरकार? कोणी तरी असतील ना?
म्हटलं, त्यांनी अक्षरं जुळवली.
बाई कार्डांच्या खणांकडे बघत राहिल्या.
जुळाऱ्यांचा खण नव्हता.
मग म्हणाल्या, छापखाना सांगा,
आपण उलटीकडून जाऊ.

उलटीकडून वाचायची सवय
लवू सोमा मुणगेकरांनाही असणारच.

सात महिने. चाळीस पुस्तकं.
बाळंतिणीचा आहार, जमाखर्चाचे धडे,
कुणा इनामदाराचं काशीयात्रेचं वर्णन, तेही दोन भागांत.
प्रत्येकाच्या पाठीशी मालकाचं नाव, गल्ली, घर नंबर,
किंमत बारा आणे.
मालकाच्या नावाआधी न चुकता रावसाहेब.
मी सगळं वाचलं. न वाचता कसं शोधणार?
बाळंतिणीला डिंक कधी द्यावा, हे आता मला पाठ आहे.

एकेचाळिसावं मुलांच्या सदाचाराचं, सन १९३१.
बासन सोडलं तर कसरीचा भुगा मांडीवर.
शेवटच्या पानाला डकवलेली एक चिठ्ठी,
दोन रकाने.
पृष्ठ ४७, ओळ ९.
अशुद्ध: माका.
शुद्ध: मला.

सत्तेचाळीस उघडलं.
राजपुत्र गुरूंपुढे हात जोडून सांगतोय,
'गुरुदेव, माका ठाऊक नाही.'

मी इतक्या जोरात हसले
की समोरच्या स्पर्धापरीक्षेच्या मुलाने
कानातले बोळे काढले.

रात्रपाळी असेल.
डोळा लागला असेल उभ्या उभ्या,
आणि तेवढ्यात बोटं मुणग्याला जाऊन आली असतील.
सकाळी मुद्रितं बघणाऱ्याने लाल शाईने गोल केला असेल.
पगारातून किती कापले? दोन आणे? चार?
पण तोवर फॉर्म छापून झाला होता,
आणि त्या वर्षी कितीतरी पोरांनी
देवगडच्या राजपुत्राची गोष्ट वाचली.

अजिंक्यबाईंनी चष्मा कपाळावर नेला.
म्हणाल्या, एक खिळा चुकलाय हो,
'ला'च्या घरात 'का' पडला असेल.
आणि धरलं तसं, तरी छापखान्यात अर्धं कोकण असायचं.
तुमचेच कशावरून?

बरोबर आहे. कशावरून?
कुठल्याही समितीपुढे हा कागद उभा राहणार नाही.

इतक्या जुन्या प्रतीची झेरॉक्स काढत नाहीत,
म्हणून पेन्सिलीने वहीत उतरवून घेतलं.
रकाने आखले. एकात माका, एकात मला.
नाव कुठे लिहावं कळेना,
तेव्हा समासात लिहिलं, आडवं,
नंतर त्यापुढे एक प्रश्नचिन्ह,
नंतर ते खोडलं, पुन्हा काढलं.

साडेसहाची घंटा झाली.
बाई दिवे घालवत आल्या, म्हणाल्या,
गाठ सैल बांधा हं बासनाची,
पुढच्या शनिवारी सोडायला बरं.