उत्तरेचा बाण

शीटच्या कोपऱ्यात आधी बाण काढायचा,
मग बाकी सगळं.
बांधकाम खात्यात एकतीस वर्षं अनुरेखक.
त्र्यंबक नाक्याजवळच्या कचेरीत, तिरक्या टेबलावर,
किती बाण काढले असतील मी.
उत्तरेला मात्र
म्हसरूळच्या पुढे फारशी गेलेच नाही.
वणीला नवसापोटी दोनदा,
तेही एस.टी.त, उभ्याने.

परवा लेकीची जुनी गाडी माझ्या नावावर झाली.
आज पहाटे पाचला निघाले.
थर्मासात चहा, डब्यात दशम्या,
स्टेपनीत हवा,
आणि कोणालाही न सांगितल्याची
थोडी चोरटी मजा.

दिंडोरीपर्यंत द्राक्षांचे ट्रक.
नांदुरीला उजाडलं.
अभोण्यात पेट्रोल भरणारा पोरगा मागच्या सीटकडे बघत म्हणाला,
बाकीचे कुठंयत?
म्हटलं, येतायत मागून.

कनाशी सुटली आणि माणसं विरळ झाली.
डोंगरांच्या रेषा मला पाठ होत्या,
दर वीस मीटरला एक, शून्य दोनच्या निबने,
श्वास धरून काढलेल्या.
पण त्या रेषांच्या मध्ये
एवढा पळस पेटलेला असतो
हे कोणत्याही सर्व्हेयरने लिहून दिलं नव्हतं.
नाल्याला नाला म्हटलं होतं, बस्स.
त्यात पाय सोडून बसलेला बगळा,
जळलेल्या राबाचा वास,
उतारावर गाडीपुढे धावणारी, मग अचानक थांबून
मलाच चूक ठरवणारी डांगी गाय.
सूचीमध्ये यातल्या कशालाच खूण नाही.

मी मात्र शोधत होते तो एक वळसा.
शीट क्रमांक सात. साल एक्क्याण्णव.
सरळ पट्टीवर पेन ओढत होते, तेवढ्यात फोन वाजला,
आणि हात हलला.
राँग नंबर होता.
ब्लेडने खरवडायला घेतलं तर कागद फाटायला लागला,
मग फ्रेंच कर्व्ह लावून
त्या थरथरीचं मी रीतसर वळण केलं.
कुलथे ओव्हरसियरने न बघता सही ठोकली.
तीस वर्षं मनात धरून होते,
की माझ्या हातामुळे
कुठेतरी एक रस्ता उगाच वाकडा जातोय.

आणि होतं ते. खरंच होतं.
सपाट माळ, ना टेकडी ना ओहोळ,
आणि रस्ता उजवीकडे कंबर मोडून
परत जागेवर आलेला.
गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं.
इतकं शांत, की रेडिएटर निवताना
टिकटिकलेला ऐकू आला.

मोहाची फुलं वेचून टोपली डोक्यावर घेतलेला
एक म्हातारा थांबला. काशीराम बागूल.
या रस्त्यावर त्याने खडी फोडली होती.
विचारलं, इथं वळण कशाला?
म्हणाला, इथं मोह होता, मोठा.
त्याला आग्यामोहोळ.
मुकादम पळाला, रस्ता वळला.
आणि हसला, असा, की मुकादम अजून पळतोय.

झाड कुठे आता?
पडलं. बारा वर्षं झाली.

मी फोनचं सांगितलं नाही.
त्याने मूठभर फुलं बोनेटवर ठेवली,
विचारलं, कुठं चाललात एकट्या?
बोट उचललं ते आपोआप वर गेलं,
कोपऱ्यातल्या बाणासारखं.
म्हणाला, तिकडं काही नाही.
जरा थांबून म्हणाला,
बघायसारखं आहे पण.

दोन किलोमीटरवर माझं शीट संपतं.
तिथे तुटक रेघ, आणि माझ्याच अक्षरात
'पुढे पाहा : शीट क्र. ८'.
आठ नंबर पिंगळ्याच्या टेबलावर गेलं होतं.
त्याचा हात कसा होता, कधी पाहिलं नाही.

मोह चाखला. गोड, मग जरासा कुजका, मग पुन्हा गोड.
सेकंड गिअर टाकला.