खिडकी क्रमांक तीन

विट्याच्या आमच्या कॉलेजात
तिसऱ्या खिडकीला जाळी आहे, काच नाही.
मी शिष्यवृत्ती बघतो.
म्हणजे ती येते का, ते बघतो.

यंदा गेटवर फ्लेक्स लागला :
मुलींचं शिक्षण मोफत.
खाली प्राचार्य हात जोडून,
शेजारी संस्थेचे सचिव, त्यांच्याहून मोठे.
शासन निर्णय सात पानी.
मोफत हा शब्द पहिल्याच पानावर,
पुढची सहा पानं, कोणाला नाही त्याची.

लेंगऱ्याची श्रुतिका बागल,
बी.एस्सी. भाग दोन, रसायनशास्त्र, विनाअनुदानित तुकडी.
सहाव्या पानावर सापडली, अनुक्रमांक चारखाली.
मी बोट ठेवून दाखवलं.
तिनं माझं बोट बाजूला करून नीट वाचलं.
म्हणाली, "सर, प्रयोगशाळा तर एकच आहे ओ.
अनुदानातली पोरं पलीकडच्या टेबलाला,
ब्युरेट सगळ्यांत मिळून पाच."

मग जुनी योजना. निम्मी फी परत.
तिला उत्पन्नाचा दाखला.
वडील गलाईला, सेलमात, एकोणीस वर्षं.
तलाठी म्हणाला, इथं काही पिकवत नाही तर लिहू काय.
तिकडचे म्हणाले, हा माणूस आमचा नव्हे.
दुसऱ्यांचं सोनं तेजाबात घालून चोख करणारा माणूस
कुठल्याच कागदावर उतरेना.

पाचव्या फेरीला दाखला निघाला,
तर बागलचं झालं होतं बागुल.
पोर्टलला माणूस कळत नाही, उकार कळतो.
दुरुस्तीला टाकलं.
स्क्रीनवर एक गोल फिरायला लागला
तो अकरा महिने फिरला.

मधे तिनं पूर्ण फी भरली. बारा हजार, रोख.
नोटांना वास होता.
मी विचारलं नाही, तीच म्हणाली,
"नायट्रिक. पप्पांची पेटी भट्टीपाशीच असते."
आणि पावती, घडी न घालता,
प्रयोगवहीत ठेवली.

मला सांगायचं होतं,
सत्त्याऐंशी साली मी इथंच शिकलो,
कमवा आणि शिकामध्ये,
मागच्या बागेला पाणी घालून.
फी किती होती तेही सांगणार होतो.
पण रांग होती.
आणि ती बाग आता पार्किंग आहे.

परवा आलं : मंजूर, रक्कम जमा.
ती आता भाग तीनला.
म्हटलं, उशीरच झाला पोरी.
वाटलं, रडेल, नाहीतर भांडेल,
या जाळीला दोन्हीची सवय आहे.
तिनं मोबाईलवर आकडा दोनदा वाचला.
पाच हजार सातशे सत्त्याऐंशी.
"सर, दोनशे तेरा कमी का ओ?"
म्हटलं, कसलं तरी शुल्क त्यात धरत नाहीत.
"कसलं? कुठल्या पानावर?"

मला माहीत नव्हतं.
बत्तीस वर्षं या खुर्चीत,
आणि मला माहीत नव्हतं.
कपाटातनं त्या योजनेचं परिपत्रक काढलं,
धूळ झटकली, जाळीखालून सरकवलं.

स्टँडवर लेंगऱ्याची गाडी लागायची वेळ झाली होती.
ती हलली नाही.
दप्तर पायाशी ठेवून
पहिल्या ओळीपासून वाचू लागली.
मागं वीसेक जणं, उन्हात.
आता कुणीतरी म्हणणार, सरक की गं, म्हणून मी वाट बघत होतो.

"ताई," मागनं एक बारका आवाज आला,
"जरा मोठ्यानं वाच की."