पांढरं लाकूड

वेलजीभाईंच्या बिलावर त्याला नाव नसतं.
'सफेद पाटी, नग चार' एवढंच,
खाली रे रोडच्या वखारीचा शिक्का, अर्धाच उठलेला.

एकदा विचारलं, तुमच्यात काय म्हणतात याला?
म्हणाले, बेन, खोक्याचं लाकूड.
मशीन येतं, बॉयलर येतो, खोकं फुटतं.
पांढरं आहे, हलकं आहे, वाळवी लागते. अजून काय?

देवदार घेऊन आलेल्या हिमाचली ड्रायव्हरनं
वासही न घेता सांगितलं, राय.
मला आधी आमराई आठवली, मग फोडणीतली मोहरी.
लाकूड हातात होतं तसंच, अनोळखी.

पुस्तकात स्प्रूस.
जिभेला फुटत नाही, पण गिटारच्या छातीला हेच लागतं.
बाबा गिरगावात पेट्या दुरुस्त करायचे.
त्यांना साग कळायचा, सुरांच्या पट्ट्या कळायच्या,
पांढऱ्या लाकडाची पेटी म्हणजे आंब्यांची,
आणि तीही चुलीत जायची.

मी आधी टोक बघते,
करवत आडवी गेलेली असते तिथे.
वर्षं उभी हवीत,
बंद वहीच्या पानांसारखी, अंग चोरून.
आज अंगठ्याच्या नखावर चौदा हिवाळे बसले.
स्वेटर कपाटातच विरतो अशा शहरात
मी हिवाळे मोजत उन्हात उभी.

मग वास. टर्पेंटाइन आलं तर चीड, ठेवून द्यायची.
तेलकट गोडसर आलं तर देवदार.
काहीच आलं नाही तर थांबायचं,
पाटी उजेडाकडे तिरकी करायची:
आडवी चमक हलते का,
ताज्या बांगड्याच्या पोटावर हलते तशी.
मग छिन्नीनं कोपरा फोडायचा.
करवत खोटं बोलते. फट नाही बोलत.

शेवटी टिचकी.
आणि दारूखान्यात टिचकी कुणाला ऐकू येणार?
पलीकडे जहाज कापतायत,
ट्रक रिव्हर्स घेतोय, बँडसॉ ओरडतोय.
मी पाटी कानाशी धरून
नुसतीच शहाणपणाचा चेहरा करून उभी.

मुस्तकीमचाचांनी बँडसॉ बंद केला.
छत्तीस वर्षं त्यावर, डावा कान गेलेला,
उजवा जायच्या वाटेवर.
माझ्या हातातून पाटी घेतली,
तिची कड पुढच्या दातांत धरली
आणि खालून बोटानं मारलं.
मान हलवली. नाही.
दुसरी. नाही.
भुसा थुंकत, गमछ्यानं कड पुसत सहा झाल्या.

सातवी तोंडातून सोडेनात.
हातानंच खूण केली, तू वाजव.
मी वाजवली.
डोळे मिटलेले, कपाळावर भुसा,
टॅक्सीवाला भोंग्यावर हात ठेवून बसलेला.
पुन्हा खूण. पुन्हा वाजवली.
मग पाटी काढून म्हणाले, ये ठहरता है.
कशासाठी हवीय, ते विचारलं नाही.
पट्टा लावला, बँडसॉ सुरू.

चौघींचे सहाशे. तिघी वेलजीभाईंसाठी घेतल्या.

घरी नीट पाहिलं. पाठीवर कणसाचा शिक्का,
आर ओ, म्हणजे रोमानिया,
म्हणजे छप्पन्न अंशांवर अर्धा तास भाजलेलं,
किडे मरावेत म्हणून.
शिवाय एका खिळ्याचं भोक.
कागदाचा साचा चार वेळा फिरवला
तेव्हा खिळा नेमका
गिटारच्या मोठ्या भोकात पडला, नाहीसा झाला.

दातांच्या खुणा मात्र जोडाच्या कडेवर येतात.
दोन, एक जरा खोल.
रंधा एकदा फिरला की जातील.

पाटी पलंगाखाली आहे, वीटकरांवर, हवा लागेल अशी.
दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवते,
आकडा पेन्सिलीनं तिच्याच अंगावर लिहिते.
गेल्या रविवारी सहा ग्रॅम उतरली.
या रविवारी दोन चढली.