प्रकरण दुसरे : गोंगाट

ग्रासियास मॅडमनी फळ्यावर दोन चौकोन काढले,
मध्ये एक बाण.
डावीकडे पाठवणारा, उजवीकडे घेणारा,
आणि बाणाच्या पोटात एक वेडीवाकडी रेघ.
नॉइज, म्हणाल्या, लिहून घ्या.
म्हापशाच्या त्या वर्गातला पंखा इतका कुरकुरत होता
की मागच्या बाकावर ऍशलीनं लिहिलं, नोज,
आणि शेजारी एक नाकही काढलं.

मग पाठीला पाठ लावून बसवलं आम्हांला.
जोस्लीनच्या हातात आकृती, माझ्या हातात कोरा कागद.
ती सांगत गेली इंग्रजीत, मग कोंकणीत,
मग नुसतंच, अगो, तशें न्हय गो!
तिचा त्रिकोण माझ्यापर्यंत पोचेतो
होडीचं शीड झाला होता.
मॅडम म्हणाल्या, चुकलं नाही हे. हे असंच होतं.

गृहपाठ : घरातल्या एका माणसाचं दहा मिनिटं ऐका.
मध्ये बोलू नका. घड्याळ लावा.

मी बाबांना निवडलं,
कारण आई दहा मिनिटांत थांबली नसती.
बाबा पोंबुर्पा–चोडण फेरीबोटीवर, रॅम्पपाशी,
बावीस वर्षं.
दोन बोटं म्हणजे पुढे घे, मूठ म्हणजे हँडब्रेक लाव.
जेवतानाही तसंच,
ताटावर तळवा आडवा धरला की भात पुरे.
डाव्या कानानं आता त्यांना फक्त इंजिन ऐकू येतं,
बोट बंद असली तरी.

पहिली चार मिनिटं नखातलं ग्रीस काढण्यात गेली.
पाचव्याला विचारलं, ह्याला मार्क आहेत?
मी मान हलवली
(मान हलवणं नियमात बसतं का, ठाऊक नाही).
सातव्याला म्हणाले,
एक स्कूटरवाला होता. तू तेव्हा तिसरीत.
रात्रीची शेवटची बोट. मी हात केला, थांब.
त्याला वाटलं, ये.
बोट धक्क्यापासून सुटली होती, एवढी.
'एवढी' दाखवायला त्यांनी हात पसरले
आणि ते मिटायचे राहून गेले.
माणूस वाचला. स्कूटर तिसऱ्या दिवशी गाळातून काढली,
आरशात खेकडा होता.
मग बराच वेळ काही नाही.
मग, म्हाका दिसलें, ताका कळ्ळें म्हूण.

घड्याळ वाजलं.
ते डाव्या बाजूला होतं, त्यांना कळलं नाही.
मी उशीखाली दाबलं आणि बसून राहिले.

वहीत लिहिलं :
पाठवणारा, वडील. माध्यम, हात.
अडथळा, इंजिन आणि काळोख.
कुणाचा काळोख, ते लिहिलं नाही.
दहापैकी सहा मिळाले,
खाली लाल शाईत : प्रतिसाद कुठे आहे?

सकाळी सातची बोट.
रांगेत तीन गाड्या, पावांच्या टोपल्यांचा एक टेम्पो,
आणि त्यांच्यामधून वाट काढत मी, बॅग पोटाशी धरून.
बाबांनी हात केला, थांब.
मग पुन्हा, दोन्ही हातांनी.
इतकी वर्षं मला वाटायचं, उगाच करतात दोनदा.

तो इशारा पायी येणाऱ्यांसाठी नसतोच.
मी थांबले.
हात वर केला, त्यांना दिसेल एवढा,
आणि त्यांनी मान हलवेपर्यंत
खाली घेतला नाही.

मागून टेम्पोवाल्यानं हॉर्न मारला.