हिरवी बाटली

मोबील बंदर सोडताना बोटीनं भोंगा दिला
तेव्हा मी डेकवर हात हलवत उभा नव्हतो.
मी खाली, खिडकी नसलेल्या खोलीत
(खिडकीला तीनशे डॉलर जास्त)
पलंगाच्या कडेवर बसून पाकिटाच्या पाठीवर
भागाकार करत होतो.

दारूचं पॅकेज : माणशी रोजचे सत्तर.
एका खोलीतल्या दोघांनीही घ्यायचं, असा नियम.
आणि अर्लीन तर
बाप्तिस्मा झाल्यापासून द्राक्षाच्या रसापुढे गेलेली नाही.
म्हणजे माझ्या एका घशाला दोघांचं भाडं.
वसूल करायचं तर दिवसाला चौदा पेले.
एकोणतीस वर्षं शाळेची बस चालवली मी, एक ओरखडा नाही,
आणि आता म्हातारपणी
जेवणाच्या टेबलाला धडकलो असतो.

डॉयलनं हे आधीच सांगितलं होतं.
डॉयल, आमच्या कुंपणापलीकडचा,
पाच सफरी केलेला, बारवर दमडी न मोजता.
"माउथवॉशची बाटली घे. हिरवी.
धू. परत धू. पांढरी रम भर.
केकचा रंग टाक, दोन थेंब निळा, तीन पिवळा.
झाकणाला चिकटपट्टी लाव."
मग पाद्र्यासारखा आवाज खाली आणून :
"सात वेळा धू, व्हर्लन. सात.
नाहीतर दात घासता घासता प्यायल्यासारखं लागतं."

मी सहा वेळा धुतली.

तपासणीच्या पट्ट्यावर बॅग सरकत गेली,
पडद्यापाशी बसलेल्या बाईनं हात वर केला, पट्टा थांबला.
माझ्या पोटात गोळा.
तिनं बॅग उघडली, हिरवी बाटली बाजूला सारली
आणि अर्लीनची इस्त्री जप्त केली.
इस्त्रीनं म्हणे आग लागते.

मग संध्याकाळचा नेम ठरला :
बुफेवरचं लिंबू सरबत फुकट, बर्फ फुकट,
बाथरूमचं दार लावून दोन झाकणं हिरवं,
आणि वर येऊन बारपाशीच बसायचं,
कारण गाणी तिथंच, आणि गार वाराही.
बारवरचा रोदेलियो इलोइलोचा,
करार नऊ महिन्यांचा, घरी तीन मुलांची फी.
त्याचा भागाकार माझ्याहून अवघड असणार.
तरी पहिल्या संध्याकाळी त्यानं माझ्या पेल्याकडे पाहिलं,
सरबताचा तो रंग पाहिला,
आणि न मागता वर लिंबाची चकती लावली,
एक कागदी छत्रीही खोचली.
बिल नाही. शब्द नाही.

तिसऱ्या दिवशी लक्षात आलं,
बाटली माझ्या पिण्यापेक्षा जोरात ओसरतेय.
पेन्सिलीनं खूण केली.
सकाळी पाणी खुणेखाली बोटभर.
संशय घ्यायचा तर कुणाचा? खोली आवरणाऱ्या पोराचा?
तो तर टॉवेलांचे हत्ती करून ठेवतो.

चौथ्या दिवशी पहाटे जाग आली.
बाथरूमच्या दारामागून गुळण्यांचा आवाज,
लांबलचक, मन लावून केलेल्या.
मी अंधारात पडून
थुंकण्याच्या आवाजाची वाट पाहिली.

बराच वेळ पाहिली.

अर्लीन बाहेर आली, गालांवर लाली,
चर्चमधलं गाणं नाकात गुणगुणत.
"समुद्राची हवा मानवली मला," म्हणाली,
आणि माझ्याच अंगावरची चादर ओढून झोपली.
मी दिवा लावला, पाकीट काढलं,
तोच हिशेब पुन्हा मांडला.
या वेळी भाजक दोन.

शेवटच्या रात्री बारवर एक वीसची नोट ठेवली,
तिच्यावर उन्मळू नये म्हणून रिकामा पेला,
त्यात पाच संध्याकाळच्या पाच छत्र्या.
वाचवलेल्यातले वीस,
सगळ्यात कमी खुपलेले.

घरी आल्यावरच्या शनिवारी दुकानात
अर्लीननं ट्रॉलीत माउथवॉश ठेवलं.
हिरवं. मोठ्यातली मोठी बाटली.
मी काही बोललो नाही. तीही नाही.
पैसे देऊन झाले, पावती तिनं घडी करून पर्समध्ये सारली,
आणि दाराकडे चालता चालता, मागे न बघता :
"पुढच्या खेपेला
आणखी एकदा धू."