केस गळत नाहीत, म्हणाले होते

गुरुवारी सकाळी, ओहोटी लागलेली असताना
गेथिन प्रॉसर दुकानात आला
आणि त्याने टेबलावर ठेवलं
एक ओलं, वाळूने जड झालेलं, गुंतलेलं काहीतरी
ज्याच्या एका टोकाला शेपूट हलत होती.

ही टेगन, तो म्हणाला.
हो का, मी म्हटलं, आत आहे का ती?

बावीस वर्षं मी कुत्री भादरते
बंदरामागच्या या गल्लीत, मासळीवाल्याला लागून.
पूर्वी टेरियर यायचे, कानात गोचिडी घेऊन,
मेंढ्यांमागून थेट आलेले कॉली, पोटाखाली काटे.
त्यांच्या मालकांना कुणी शब्द दिलेला नसायचा कशाचा.
आता येतो तो सांगतो:
आई पूडल, बाप लॅब्रॅडॉर,
डोकं तिचं, माया त्याची,
आणि केस, बाई, केस तर गळतच नाहीत.
जणू रंगाच्या दुकानात
डबा खळखळ हलवला
की भिंतीला हवी ती छटा.

गेथिनच्या बायकोला दमा.
म्हणून तर हे सगळं.
आठ महिने यादीत नाव,
जुनी मोटार आली असती एवढे पैसे,
आणि हातात एक फोटो: कॅरॅमलचा गोळा,
गळ्यात निळी फीत.
टेगन म्हणजे आमच्या वेल्शमध्ये खेळणं.

खेळणं घरी आलं
आणि पहिल्याच आठवड्यात गेथिनचं श्रवणयंत्र गिळलं.
मग लोण्याचं अख्खं पाकीट, कागदासकट.
भूक बापाची.
किटलीने शीळ घातली की सोफ्याखाली,
तो धीर आईचा.
केस आईचे,
गळणं मात्र बापाचं.

विंचरायचं असतं रोज? गेथिनने विचारलं.
ते तर म्हणाले होते, काहीच करावं लागत नाही.
मी वाद घालत नाही. मी मशीन चालू करते.

मानेपासून सुरुवात केली.
सगळं एका तुकड्यात उतरलं,
मेंढीचं कातडं निघावं तसं,
आणि बाजूला काढून ठेवलं तर
आपल्या आपणच उभं राहिलं टेबलावर.
गेथिन त्याच्याकडे बघत होता.
मग याच्याकडे: गुलाबी, लांब तंगड्यांचं,
बरगड्या मोजता याव्यात असं,
कुणीही न मागवलेलं एक कुत्रं.

ही ती नाही, तो म्हणाला.

ही शांतता मला ओळखीची आहे.
माझ्या मुलाच्या वेळी मीही मांडलाच होता हिशेब:
गळा त्याच्या बापाचा, चॅपेलमध्ये छत हलवणारा,
बोटं माझी.
तो आला ठार बेसूर.
बोटं कुणाची, अजून कळलेलं नाही.
कार्डिफमध्ये लिफ्ट दुरुस्त करतो,
रविवारी फोन करतो,
आणि मध्येच, काही कारण नसताना, गुणगुणतो.
मी रिसीव्हर कानापासून लांब धरत नाही.

पदरी पडलं पवित्र झालं, म्हणायला सोपं.
एलिनेडच्या पदरी आधी पडले ते केस.
ती बाहेर गाडीतच बसलेली होती,
काच वर, मुठीत इनहेलर,
कारण माझ्या दुकानात तिला श्वास घेता येत नाही.

टेगनला ती दिसली.
तीन पाय झाले होते, चौथा बाकी होता,
लोकरी बूट घातल्यासारखा.
ती तशीच टेबलावरून उडी मारून दाराशी,
नखं लाकडावर, किंचाळणं असं
की मासळीवाला सुरी घेऊन बाहेर आला.
एलिनेडने गाडीचं दार उघडलं.
नको गं, गेथिन ओरडला.
तोवर ती लांबडी उघडी काया
तिच्या मांडीवर, हनुवटीखाली नाक खुपसून,
थंडीने की कशाने, थरथरत.

ती खोकली. खूप खोकली.
हात काढला नाही.

मी अर्धेच पैसे घेतले.
पुढच्या गुरुवारी आण, म्हटलं, पाय राहिलाय.
आणि टेबलावर उभं असलेलं ते दुसरं कुत्रं,
फोटोतलं,
केरसुणीने सुपात भरलं.